पाचशे मैलांच्या पुढे

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

चष्मे लावलेले, एकमेकांची हुबेहूब प्रतिकृती असलेले दोन भाऊ कवायतीच्या ठेक्यावर गाताहेत, हे दृश्य टीव्हीवर पाहिलेलं नसलं तरी ती चाल आपल्यापैकी अनेकांच्या कानांवरून गेलेली असेल. गाण्याचं अधिकृत नाव ‘आय ॲम गोना बी’, पण सारं जग त्याला ‘फाइव्ह हंड्रेड माइल्स’ म्हणूनच ओळखतं. क्रेग आणि चार्ली रीड हे ते दोन जुळे भाऊ आणि त्यांच्या जोडगोळीचं नाव ‘द प्रोक्लेमर्स’. १९८८ साली हे गाणं ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत अकराव्या क्रमांकापर्यंत गेलं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ते पहिलं आलं. पुढे १९९३ मध्ये ‘बेनी अँड जून’ या चित्रपटात वाजलं आणि पाच वर्षांचं जुनं गाणं अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर जाऊन बसलं.

आज मला बोलायचंय ते या गाण्याबद्दल नाही. याच भावांनी सात वर्षांच्या गप्प बसण्यानंतर, २००१ साली, ‘पर्सिव्हियर’ नावाचा अल्बम काढला. त्याबद्दल आणि मुख्यतः तो ऐकणाऱ्यांबद्दल बोलायचंय. गाजलेल्या गाण्याचा इतिहास लिहिणं सोपं असतं. आकडे हाताशी असतात. न गाजलेल्या अल्बमचा इतिहास श्रोत्यांच्या भांडणात दडलेला असतो. तो कुणी लिहून ठेवत नाही, म्हणून त्याच्याकडे जरा थांबून बघावंसं वाटतं.

आधी माणसांची ओळख करून घेऊ. रीड बंधू ५ मार्च १९६२ रोजी लीथमध्ये जन्मले. लीथ म्हणजे स्कॉटलंडची राजधानी एडिंबराचं बंदर. त्यांचं बालपण थोडं एडिंबरात, थोडं इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात आणि बरंचसं फाइफमधल्या ऑख्टरमख्टी नावाच्या छोट्या गावात गेलं. (या नावातला घशातून काढायचा ‘ख’ इंग्रजांना जमत नाही, तो आपल्याला पहिल्या प्रयत्नात जमतो.) शाळेत असताना दोघं पंक बँडमध्ये वाजवत. १९८३ पासून दोघांचीच जोडी झाली: क्रेगचा मुख्य आवाज, चार्लीची गिटार आणि त्याची वरच्या-खालच्या सुरांतली साथ. त्यांच्या गाण्यांची कॅसेट इंग्लंडमधल्या ‘हाउसमार्टिन्स’ या बँडपर्यंत पोचली आणि त्या बँडने १९८६ मध्ये त्यांना आपल्या दौऱ्यावर बरोबर घेतलं. जानेवारी १९८७ मध्ये ‘द ट्यूब’ या टीव्ही कार्यक्रमात ते झळकले. त्याच वर्षी ‘धिस इज द स्टोरी’ हा पहिला अल्बम आला. दोन आवाज, एक गिटार, आणखी जेमतेम काही. इतका उघडावाघडा अल्बम त्या काळात विरळा होता. बाकी सगळीकडे सिंथेसायझरचा धुमाकूळ होता.

त्यांना लोकसंगीत-रॉक म्हणतात ते सोयीसाठी. पारंपरिक लोकगीतं ते फारशी गायले नाहीत. पंकचा अवखळपणा, अमेरिकन कंट्री गाण्यांचा साधेपणा आणि चर्चमधल्या समूहगायनाची ओढ, असं त्यांचं मिश्रण आहे. दुसऱ्या अल्बममध्ये त्यांनी स्टीव्ह अर्ल या अमेरिकन गायकाचं गाणं घेतलं. १९९० मध्ये रॉजर मिलरचं ‘किंग ऑफ द रोड’ पुन्हा गाऊन ते नवव्या क्रमांकावर नेलं. पण हे सगळं गात होते ते स्वतःच्या बोलीत, आणि खरी गंमत तिथे होती.

ब्रिटनमधला गायक मँचेस्टरचा असो की ग्लासगोचा, माइकसमोर उभा राहिला की त्याचे उच्चार अर्धे अमेरिकन होत. हा जणू अलिखित नियमच होता. रीड बंधूंनी तो मोडला. घरी, बाजारात, फुटबॉलच्या मैदानात जसं बोलत तसेच ते गायले. दक्षिण इंग्लंडच्या इंग्रजीत शब्दातला मधला आणि शेवटचा ‘र’ गिळला जातो. स्कॉटिश माणूस तो खणखणीत वाजवतो. हा ‘र’ टाकून द्या म्हणणाऱ्यांची थट्टा करणारं ‘थ्रो द आर अवे’ हे गाणं त्यांच्या पहिल्याच अल्बममध्ये आहे. प्रमाणभाषा आणि बोली यांचा वाद ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चाललेला आहे अशा आपल्या श्रोत्यांना त्यातली खोच समजावून सांगायला नको. श्रोत्यांचे दोन तट पडले ते मात्र तिथपासूनच. काहींना तो आवाज प्रामाणिक वाटला, काहींना ते सोंग वाटलं. स्कॉटलंडमध्येही अनेकांना लाज वाटली: आपल्या घरातलं बोलणं असं चारचौघांत, तेही इतक्या मोठ्याने!

१९८७ च्या अखेरीस ‘लेटर फ्रॉम अमेरिका’ हे त्यांचं गाणं तिसऱ्या क्रमांकावर गेलं. अल्बममध्ये ते गिटारवर होतं. जेरी रॅफर्टीच्या देखरेखीखाली त्याला पूर्ण वाद्यमेळ मिळाला. विषय दुहेरी होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर भागातून जमीनदारांनी हजारो कुळांना उठवलं. मेंढपाळीत पैसा जास्त होता, माणसं नको होती. माणसं जहाजात बसून कॅनडाला, अमेरिकेला गेली. गाण्यात त्या जुन्या विस्थापनाशेजारी १९८० च्या दशकात बंद पडलेल्या कारखान्यांची गावं ठेवली आहेत. लिनवुडचा मोटार कारखाना १९८१ मध्ये बंद झाला, बाथगेटचा ट्रक-ट्रॅक्टरचा १९८६ मध्ये. खुद्द लीथची शेवटची मोठी जहाजबांधणी गोदी १९८४ मध्ये थंडावली होती. म्हणजे गाणाऱ्यांना हा इतिहास पुस्तकातून काढावा लागला नव्हता. गावाबाहेरच्या फाटकाला लागलेलं कुलूप त्यांनी पाहिलं होतं.

१९८८ चा ‘सनशाइन ऑन लीथ’ हा दुसरा अल्बम सहाव्या क्रमांकापर्यंत गेला. पाचशे मैलांचं गाणं त्यातलंच. त्याच अल्बमचं शीर्षकगीत मात्र स्वतंत्र तबकडी म्हणून निघालं तेव्हा एक्केचाळीसाव्या क्रमांकावर अडकलं. हा आकडा जरा लक्षात ठेवावा, तो पुढे लागणार आहे.

तिसरा अल्बम ‘हिट द हायवे’ १९९४ मध्ये आला आणि पहिल्या दहात गेला. त्यानंतर सात वर्षं काही नाही. त्या मधल्या काळात वडील गेले, मुलंबाळं वाढत होती आणि क्रेगला गाणी सुचेनाशी झाली. एका कलावंताच्या आयुष्यात सात वर्षं फार नाहीत, पण लोकप्रिय संगीताच्या बाजारात सात वर्षं म्हणजे एक पिढी. १९९४ मध्ये ज्या शाळकरी मुलांनी त्यांची कॅसेट घेतली ती २००१ पर्यंत नोकरीला लागलेली होती. ‘ब्रिटपॉप’ नावाची लाट येऊन ओसरलीही. १९९७ मध्ये मजूर पक्षाचं सरकार आलं, स्कॉटलंडमध्ये सार्वमत झालं, आणि १९९९ मध्ये जवळजवळ तीनशे वर्षांनी एडिंबरात स्वतःची संसद पुन्हा भरली. १९८८ मध्ये ‘कॅप इन हँड’ या गाण्यात रीड बंधूंनी विचारलं होतं की आमचा देश दुसऱ्याच्या दारात टोपी हातात घेऊन का उभा आहे. २००१ मध्ये त्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालेलं होतं. रागाला जागा उरली होती, पण ती आधीची जागा नव्हती.

आणि अशा वेळी ‘पर्सिव्हियर’ आला. रेकॉर्डिंग अमेरिकेत मिनिआपोलिसला झालं. निर्मिती रोलिंग स्टोन्सबरोबर काम केलेल्या ख्रिस किम्सीची. नाव वाचून बाहेरच्या श्रोत्याला वाटलं, बरोबर आहे, सात वर्षं थांबून पुन्हा उभे राहिलेत, म्हणून ‘चिकाटी’. लीथच्या माणसाने मात्र ते नाव वेगळं वाचलं. ‘पर्सिव्हियर’ हे लीथच्या नगरचिन्हावरचं ब्रीदवाक्य आहे. लीथ १८३३ पासून स्वतंत्र नगर होतं. १९२० मध्ये ते एडिंबरात विलीन झालं, तेही लीथकरांनी मतदानात प्रचंड बहुमताने नको म्हटल्यावर. तेव्हा ऐंशीएक वर्षांपूर्वी गिळंकृत झालेल्या एका गावाचं ब्रीद या सीडीच्या वेष्टनावर होतं. एकच शब्द, पण दुकानात हातात घेणाऱ्या दोन माणसांसाठी दोन निरनिराळ्या गोष्टी.

विक्री म्हणाल तर ब्रिटनमध्ये अल्बम पहिल्या पन्नासातही आला नाही. बाजाराच्या दृष्टीने विषय संपला. श्रोत्यांच्या दृष्टीने तो तिथे सुरू झाला.

सगळ्यात मोठा गट होता तो पाचशे मैलवाल्यांचा. त्यांचा प्रश्न साधा होता, यात तसं गाणं कुठे आहे? ‘देअर्स अ टच’ हे पहिलं गाणं वेगवान आहे, पाय हलवायला लावणारं आहे, तरी त्यांचं समाधान होईना. या गटाला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या गाण्यामुळे आपण त्या गायकाला ओळखतो त्याच्यासारखं दुसरं मागणं ही श्रोत्याची सगळ्यात नैसर्गिक भूक आहे. पण त्या भुकेने पुढच्या प्रत्येक अल्बमवर अन्याय होतो. त्याच वर्षी काय झालं पाहा. ‘श्रेक’ हा कार्टूनपट २००१ मध्येच आला आणि त्यात रीड बंधूंचं ‘आय ॲम ऑन माय वे’ वाजलं. हे गाणं १९८८ च्या अल्बममधलं. सात वर्षं खपून केलेली चौदा नवी गाणी दुकानात पडून होती आणि जगभरची पोरंटोरं चित्रपटगृहात त्यांचं तेरा वर्षांपूर्वीचं गाणं ऐकत होती. नशिबाने एवढी उघड थट्टा क्वचितच केली असेल. अर्थात त्या गाण्याचे पैसेही मिळाले असणार, आणि चरितार्थ चालवणाऱ्या गायकाने थट्टेपेक्षा पैसे मोजावेत हे योग्यच.

दुसरा गट संख्येने लहान पण आवाजाने मोठा. पहिल्या अल्बमचे हे भक्त. त्यांना तो गिटार आणि दोन आवाजांचा उघडा बाज हवा होता. त्यांच्या मते जितकी वाद्यं वाढली तितके रीड बंधू सामान्य झाले. ड्रम आला, की-बोर्ड आला, आवाज गुळगुळीत झाला, आता हे इतर बँडसारखेच. ही तक्रार १९८८ मध्येही झाली होती आणि नंतरच्या प्रत्येक अल्बमला होत राहिली. तिच्यात तथ्य आहे. या दोन आवाजांचं वैशिष्ट्य असं की ते एका घशातून फुटल्यासारखे निघतात आणि मग थोड्या अंतराने समांतर धावतात. सख्ख्या भावांच्या आवाजात हे घडतं, जुळ्यांच्या आवाजात तर फारच. त्या दोन आवाजांमधली जागा हीच ऐकण्याची खरी जागा असते. तिच्यात वाद्यं भरली की ती बुजते. पण याच भक्तांना विचारावंसं वाटतं, की चौदा गाणी नुसत्या गिटारवर ऐकली असतीत का? मला शंका आहे.

तिसरा गट त्यांच्या बरोबरीने वय वाढलेल्यांचा. रीड बंधू तेव्हा एकोणचाळीस वर्षांचे होते. या श्रोत्यांना अल्बममध्ये मुलंबाळं, संसार, घसरलेलं प्रेम आणि टिकलेलं प्रेम सापडलं. शेवटचं ‘ॲक्ट ऑफ रिमेंबरन्स’ हे स्मरणाचं गाणं आहे. दोघांचे वडील मधल्या काळात गेले हे ठाऊक असलेला माणूस ते निराळ्या कानाने ऐकतो. असं गाणं पंचविशीत लिहिता येत नाही आणि पंचविशीत फारसं ऐकवतही नाही. या गटाचं म्हणणं, की पूर्वी ही गाणी आमच्या गावाबद्दल होती, आता आमच्याबद्दल आहेत.

गंमत अशी की एकाच अल्बमला ‘हे तेच ते गातात’ आणि ‘हे फार बदलले’ असे दोन्ही ठपके बसले. माझ्या मते दोन्ही खरे. आवाज, ठेका, उच्चार तेच राहिले. विषयांचा मोहरा फिरला. ज्याने कान आवाजाला लावला त्याला पुनरावृत्ती दिसली, ज्याने शब्दाला लावला त्याला बदल.

माझी स्वतःची तक्रार वेगळी आहे. चौदा गाणी जास्त होतात. हा दोष एकट्या रीड बंधूंचा नाही, त्या काळाचा आहे. जुन्या तबकडीच्या दोन बाजू मिळून चाळीस-पंचेचाळीस मिनिटं मावत, त्यामुळे दुबळं गाणं आपोआप बाहेर राही. सीडीवर चौऱ्याहत्तर मिनिटांची जागा आली आणि निवडण्याची सक्ती संपली. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर निघालेले कितीतरी चांगले अल्बम या ऐसपैसपणामुळे सैल झालेले आहेत. ‘पर्सिव्हियर’मधली तीन-चार गाणी गाळली असती तर उरलेल्यांना जास्त माणसांनी शेवटपर्यंत ऐकलं असतं.

आणि मग सातवं गाणं अधिक श्रोत्यांच्या कानी पडलं असतं. त्याचं नाव ‘स्कॉटलंड्स स्टोरी’. माझ्या लेखी हा अल्बम ज्या गाण्यासाठी झाला ते हे गाणं. श्रोत्यांचा सगळ्यात गंभीर वाद झाला पाहिजे होता तोही याच्यावर.

गाण्याची कल्पना सांगतो. आयर्लंडच्या डोनेगलहून आलेला एक जण, लिथुआनियातल्या व्हिल्नियसहून आलेला एक ज्यू, एडिंबराच्या जुन्या वस्तीत वाढलेला एक इटालियन. अशी माणसं नावानिशी येतात, आणि स्कॉटलंडच्या गोष्टीत ही सगळी सारख्याच मोलाची आहेत, असा त्याचा आशय. आता हे ‘लेटर फ्रॉम अमेरिका’च्या शेजारी ठेवून पाहा. १९८७ चं गाणं स्कॉटलंड सोडून गेलेल्यांचं होतं. २००१ चं गाणं स्कॉटलंडला आलेल्यांचं आहे. पहिल्यात श्रोत्याला आपल्या दुःखाचा हक्क मिळतो: आम्हाला उठवलं, आमचे कारखाने गेले. दुसरं त्याच श्रोत्याला विचारतं, की ज्यांना दुसऱ्या कुणी उठवलं आणि जे तुझ्या दारात आले, त्यांना तू काय म्हणतोस? पहिलं गाणं तिसऱ्या क्रमांकावर गेलं. दुसरं बहुतेकांनी ऐकलंच नाही.

हा प्रश्न हवेतला नव्हता. १९९९ च्या ब्रिटिश कायद्यानंतर आश्रय मागणाऱ्या परदेशी लोकांना लंडनबाहेरच्या शहरांत पाठवायला सुरुवात झाली, आणि त्यांतली मोठी संख्या ग्लासगोत आली. रिकाम्या पडलेल्या उंच इमारतींत, जिथे आधीच बेकारी आणि गरिबी होती, तिथे त्यांना घरं मिळाली. अल्बम आला त्याच वर्षी, ऑगस्ट २००१ मध्ये, ग्लासगोच्या साइटहिल वस्तीत एका तरुण कुर्द निर्वासिताला भोसकून मारण्यात आलं. देशभर खळबळ उडाली. निर्वासित रस्त्यावर उतरले आणि शेजारच्या स्थानिक रहिवाशांतलेही काही पुढे त्यांच्या बाजूने उभे राहिले. गाणं या घटनेच्या आधीचं आहे, त्यामुळे ते तिच्यावरची प्रतिक्रिया नाही. पण इतिहास असा कधी कधी गाण्याच्या मागून चालत येतो.

‘स्कॉटलंड्स स्टोरी’ला नावं ठेवता येतात. ते सरळ सांगतं, सूचित करत नाही. नावांची यादी देऊन पटवण्याचा मार्ग शाळेतल्या प्रतिज्ञेच्या जवळ जातो. ‘लेटर फ्रॉम अमेरिका’त जी कळ आहे, ती इथे नाही, तिथे गावांची नुसती नावं घेतली तरी घसा दाटतो. श्रोत्यांपैकी काहींनी याला उपदेश म्हटलं तर त्यांना चूक म्हणता येणार नाही. तरीही मला वाटतं, की हरवलेल्यांबद्दल गाणं सोपं असतं, कारण हरवलेली माणसं भाड्याचं घर मागत नाहीत. आलेल्या माणसाबद्दल गाताना कविता थोडी कमी पडणारच. रीड बंधूंनी हे अवघड गाणं त्यांच्या सर्वांत अपेक्षित अल्बममध्ये, मधोमध ठेवलं, याला मी मोठेपणा मानतो.

पुढचा प्रवास भराभर सांगता येईल. त्यांनी स्वतःच्या लेबललाही ‘पर्सिव्हियर’ हेच नाव दिलं. २००३ मध्ये ‘बॉर्न इनोसंट’ आला, एडविन कॉलिन्सच्या निर्मितीत. २००५ मध्ये ‘रेस्टलेस सोल’. दोन्हींची विक्री माफकच. पण सात वर्षांचं मौन परत आलं नाही. छोट्या-मोठ्या सभागृहांतून दौरे चालू राहिले, आणि ‘पर्सिव्हियर’ आवडलेला तो तिसरा गट तिकीट काढून येत राहिला. गाजण्याच्या आणि विझण्याच्या मधे एक प्रदेश असतो, तिथे गायक नोकरीसारखा नेमाने काम करतो. वर्तमानपत्रांना तो प्रदेश दिसत नाही.

मग २००७ उजाडलं. मार्चमध्ये ‘कॉमिक रिलीफ’ या मदतनिधीसाठी पाचशे मैलांचं गाणं दोन विनोदी नटांबरोबर पुन्हा गायलं गेलं आणि यावेळी ब्रिटनमध्ये थेट पहिलं आलं. १८ मार्चला ग्लासगोच्या हॅम्पडन मैदानावर लीथच्या हिबर्नियन फुटबॉल क्लबने लीग कपची अंतिम लढत ५-१ ने जिंकली. पडत्या बर्फात हजारो प्रेक्षक ‘सनशाइन ऑन लीथ’ गायले. त्याच वर्षी डंडीच्या रंगभूमीवर त्यांच्या गाण्यांभोवती गुंफलेलं ‘सनशाइन ऑन लीथ’ हे संगीत नाटक उभं राहिलं. २०१३ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला. सप्टेंबर २००७ मधला त्यांचा नवा अल्बम ‘लाइफ विथ यू’ पहिल्या विसांत गेला. तेव्हा काही जणांनी लिहिलं, की प्रोक्लेमर्स परत आले. तिसऱ्या गटाला हसू आलं असेल. ते कुठे गेलेच नव्हते.

आता तो एक्केचाळीसावा क्रमांक. २१ मे २०१६ रोजी हिबर्नियनने रेंजर्सला ३-२ असं हरवून स्कॉटिश कप जिंकला, १९०२ नंतर प्रथमच. एकशे चौदा वर्षांचा दुष्काळ. आजोबा, पणजोबा ही ट्रॉफी न बघता गेलेले. सामना संपल्यावर मैदानात गोंधळ झाला, पोलीस आले, आणि मग सारं शांत झाल्यावर हिरव्या मफलरींचं अर्धं स्टेडियम एकच गाणं गाऊ लागलं. पाचशे मैल नाही. शीर्षकगीत, एक्केचाळीसावं. त्या संथ, कृतज्ञतेच्या प्रेमगीतात फुटबॉलचा एक शब्द नाही. तरी दाढीवाले दांडगे लोक रडत गात होते. अठ्ठावीस वर्षांपूर्वी दुकानदारांनी मागच्या फळीवर टाकलेल्या तबकडीबद्दल हे श्रोत्यांचं मत होतं. ते नोंदवायला त्यांना एवढा वेळ लागला.

‘पर्सिव्हियर’च्या बाबतीत असं काही घडेल असं मी म्हणत नाही. बहुधा घडणार नाही. पण त्या अल्बमपासून ज्यांनी या भावांचा माग ठेवला, त्यांना एक गोष्ट इतरांच्या आधी कळली. ‘लाइफ विथ यू’मध्ये ‘इन रेकग्निशन’ नावाचं एक गाणं आहे. तरुणपणी व्यवस्थेला शिव्या घालणारे आणि पुढे राजघराण्याकडून किताब घ्यायला रांगेत उभे राहणारे कलावंत, हा त्याचा विषय. २००९ च्या ‘नोट्स अँड ऱ्हाइम्स’मध्ये ‘फ्री मार्केट’ आहे, त्याच्या आदल्याच वर्षी बँका कोसळल्या होत्या. २०२२ च्या ‘डेंचर्स आउट’मध्ये तर पूर्ण अल्बमभर ब्रिटनच्या गतवैभवाच्या हुरहुरीला चिमटे आहेत. नावच ‘कवळी काढून’! वयाच्या साठीला असं नाव सुचायला धीट विनोदबुद्धी लागते.

एप्रिल २०२३ मध्ये तिसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकासाठी ब्रिटिश सरकारने गाण्यांची एक यादी जाहीर केली. घरोघरच्या मेजवान्यांत वाजवावी म्हणून सर्वांना आवडणारी, कुणालाही न दुखावणारी गाणी त्यात निवडली होती. त्यात पाचशे मैलांचं गाणं होतं. मग कुणीतरी लक्षात आणून दिलं, की हे भाऊ राजेशाही नको म्हणणारे आहेत. तक्रारी झाल्या, आणि गाणं यादीतून काढून टाकलं गेलं. ज्यांना रीड बंधू त्या एकाच गाण्यापुरते माहीत होते ते चकित झाले. बाकीच्यांनी ‘इन रेकग्निशन’ सोळा वर्षांपूर्वीच ऐकलेलं होतं.